चिंगीची घाई करा, बंड्याची नको

पत्र : आमच्याकडे चिंगी आणि काळ्या ही सात महिन्यांची मांजरं आहेत, सख्खी बहीण-भाऊ. शिवाय नऊ महिन्यांचा लॅब्रॅडॉर, बंड्या. चार दिवस झाले, चिंगी रात्रभर घसा फोडून ओरडते, फरशीवर लोळते, मागचा भाग वर करून शेपटी बाजूला घेते. शेजाऱ्यांना वाटलं तिला काहीतरी लागलंय. सासूबाई म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर मांजर आजारी पडतं. औषधाच्या दुकानात एक गोळी सुचवली आहे. बंड्याही हल्ली पाहुण्यांच्या पायाला मिठी मारून बसतो. तिघांचं नसबंदीचं ऑपरेशन एकदमच उरकून घ्यावं का? आणि नंतर ती जाड होतात हे खरं का? – एक वाचक, सातारा

नमस्कार,

उत्तर पुढे वाचा, पण आधी उठून काळ्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दाराला कडी लावा. खिडकीला जाळी नसेल तर चिंगीच्या खोलीची खिडकीही बंद करा, कारण तिचा आवाज गल्लीतल्या प्रत्येक बोक्यापर्यंत पोचलेला आहे.

चिंगीला काहीही लागलेलं नाही. ती माजावर आली आहे. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची झाली की केव्हाही माजावर येऊ शकते, म्हणजे सात महिने हे काही लवकर नाही. कुत्रीला माजाच्या वेळी रक्त जातं, मांजरीला सहसा जात नाही. त्यामुळे हे ओरडणं आणि लोळणं पाहून घरचे घाबरतात, पोटात दुखत असेल असं समजून भलतीच औषधं देतात. संग झाला नाही तर हा माज पाच-सात दिवसांत ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील तर हिवाळ्यातही हे चक्र थांबेलच असं नाही, कारण मांजरीचा माज उजेडाच्या तासांवर चालतो.

काळ्याबद्दल एवढं गांभीर्यानं सांगण्याचं कारण असं, की मांजरांना बहीण-भाऊ हे नातं कळत नाही. मांजरीचं बीज संग झाल्यावरच सुटतं, म्हणून गाभ राहण्याची शक्यता फार मोठी असते, आणि संगाला काही सेकंदच लागतात. ‘आमचं लक्ष असतं’ या भरवशावर राहू नका. चार दिवस दोघं एकत्रच होती, म्हणजे चिंगी कदाचित गाभण असेलही. सुमारे तिसऱ्या आठवड्यात तिची स्तनाग्रं गुलाबी आणि जरा ठसठशीत दिसू लागतात. सोनोग्राफीत पंचविसाव्या दिवसाच्या आसपास खात्रीनं कळतं. पुरे दिवस 63 ते 65. डॉक्टरांना भेटाल तेव्हा पहिल्यांदा ओरडली ती तारीख आणि काळ्या सोबत होता ही गोष्ट, दोन्ही न विचारता सांगा. गाभण असली तरी सुरुवातीच्या दिवसांत ऑपरेशन करता येतं. मात्र गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, छेद थोडा मोठा लागतो, आणि डॉक्टरांना ते आधी माहीत असणं तिच्या जिवाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

माजावर असताना ऑपरेशन करावं का? मांजरीचं करता येतं. रक्तवाहिन्या फुगलेल्या आणि पेशी नाजूक असल्यामुळे हात जरा सरावाचा लागतो, इतकंच. काळ्याला खरोखर वेगळं ठेवता येत असेल तर आवाज थांबून तीन-चार दिवस गेल्यावरची तारीख घ्या, म्हणजे आजपासून साधारण पाच-सात दिवसांनी. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात तर पुढचा माज त्याच्या आधीच येईल. कुत्रीचं गणित वेगळं आहे. तिचं ऑपरेशन माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, शरीर शांत झाल्यावर करतात. मांजराला तो नियम लावून कुणी तुम्हाला थांबा म्हणत असेल तर थांबू नका.

आता सासूबाईंचा मुद्दा. ही समजूत घरोघरी आहे आणि ती मायेपोटी आहे, म्हणून ती उडवून लावू नका. पण एकदा पिल्लं झाल्यानं मांजरीच्या प्रकृतीला कुठलाही फायदा होत नाही. उलट प्रत्येक माजाबरोबर स्तनांच्या गाठींचा धोका चढत जातो, आणि मांजरीच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये हा धोका 91 टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये 86 टक्क्यांनी कमी आढळला. दोन वर्षांनंतर केलेल्या ऑपरेशनचा या बाबतीत फारसा उपयोग दिसला नाही. चिंगी सात महिन्यांची आहे, म्हणजे तुम्ही अजून वेळेत आहात. सासूबाईंना एवढंही सांगता येईल, की पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकतं. ‘एकदाच’ हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही, आणि भावापासून झालेल्या चार-पाच पिल्लांना घरं तुम्हालाच शोधावी लागतील.

दुकानातली गोळी घेऊ नका. माज थांबवणाऱ्या बहुतेक गोळ्या आणि इंजेक्शनं प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची असतात. माज थांबतो, पण त्यातून गर्भाशयात पू होणं, स्तन अचानक लिंबाएवढे सुजणं आणि मधुमेह हे तीनही प्रकार मांजरींमध्ये होतात. चिंगी आधीच गाभण असेल तर गुंतागुंत आणखी वाढते. चिठ्ठीशिवाय हार्मोनचं काहीही देणाऱ्या दुकानदाराचं ऐकण्यापेक्षा आठ दिवस कानात कापूस घालून झोपलेलं परवडतं.

तारीख घेण्यापूर्वी लसींची वही काढा. मांजरांना तीन रोगांची एकत्रित लस (बहुतेक दवाखाने तिला ट्रायकॅट म्हणतात) आणि रेबीजची लस झालेली हवी, आणि शेवटच्या डोसाला किमान दोन आठवडे उलटलेले हवेत. दवाखान्यात आजारी मांजरंही येत असतात आणि त्यांतला पॅनल्यूकोपेनिया हा जुलाब-उलट्यांचा आजार लहान मांजराला दोन दिवसांत संपवतो. लस अर्धवट असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. माज चालू असलेल्या मांजरीसाठी थांबायचं की धोका पत्करायचा, हा निर्णय त्यांच्याशी बोलून घ्यायचा आहे. जंताचं औषध आधीच देऊन टाका. रक्ताची साधी तपासणी करून घ्या : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, आणि यकृत व मूत्रपिंडाचा एकेक आकडा. तरुण मांजरात अहवाल बहुधा नीट येतो. नाही आला तर भुलेखाली गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

साताऱ्यात चांगले खासगी डॉक्टर आहेत, जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथे खर्च कमी येतो, पण आधी फोन करून ऑपरेशनचा वार आणि वेळ ठरवून घ्या. शिरवळला जाणार असाल तर परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट आहे हे ध्यानात ठेवा. अर्धवट शुद्धीतलं मांजर वळणांवर उलटी करतं आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मांजर मान सावरून स्वतःच्या पायावर चालू लागेपर्यंत तिथून निघू नका, मग भले संध्याकाळ होवो.

डॉक्टर निवडताना बिलाच्या आकड्यापेक्षा काही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि ते विचारायला संकोच करू नका. शिरेत सुई लावून ठेवणार का? श्वासनलिकेत नळी घालून गॅसची भूल देणार, की फक्त इंजेक्शनची? इंजेक्शनची भूल वाईट नसते, आणि बोक्याच्या पाच मिनिटांच्या कामाला ती चालते. पण मादीच्या पोटाच्या ऑपरेशनला गॅसची सोय असेल तर भूल कमी-जास्त करता येते आणि गरज पडल्यास लगेच ऑक्सिजन देता येतो. डॉक्टर कापत असताना नाडी आणि ऑक्सिजनकडे पाहायला दुसरं माणूस असेल का? वेदनाशामक कापण्याआधी देणार की नंतर? (आधी दिलेलं जास्त उपयोगी पडतं.) रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार? शेवटच्या प्रश्नाला जिथे उडवाउडवी होते, तिथे जाऊ नका असंच आम्ही सांगू. आणि हो, पाळीव मांजराच्या कानाला खूण करू नका, हेही आधीच सांगून ठेवा. ती खूण रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी असते आणि मोठ्या शिबिरांमध्ये सवयीनं केली जाते.

आदल्या रात्री दहा वाजता शेवटचं जेवण, नेहमीपेक्षा थोडं कमी. सकाळी निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर त्यांचं ऐका. उपाशी ठेवण्यामागे कारण आहे : भुलेत गिळण्याचं भान जातं, पोटातलं वर आलं की फुप्फुसात उतरतं. आणि इथेच घरोघरी गफलत होते. कुणीतरी ‘बिचारी उपाशी आहे’ म्हणून पहाटे चमचाभर दूध देतं आणि सांगत नाही. रात्री दोन्ही मांजरांना वेगवेगळ्या बंद खोल्यांत ठेवा, बंड्याचं भांडं उचला, आणि त्या खोलीत पाल-झुरळ नाही ना हेही पाहा. चुकून काही खाल्लं असेल तर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं तर काही बिघडत नाही.

टेबलावर काय होतं ते माहीत असलं की नंतर काय बघायचं ते कळतं. चिंगीच्या पोटाला मधोमध किंवा कुशीत दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन दोन्ही अंडाशयं, आणि बहुतेक वेळा गर्भाशयही, काढतात. अंडाशयाला रक्त पुरवणाऱ्या देठावर दोरा आवळून गाठ मारलेली असते. पहिल्या 24 तासांतला खरा धोका या गाठीचा. ती निसटली तर रक्त आतल्या आत जातं, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून त्या रात्री जखमेपेक्षा हिरड्या जास्त वेळा पाहा. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरड्या पांढुरक्या, अंग गार, पोट फुगत चाललेलं आणि मांजर हाक मारूनही मान उचलत नाही, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. दुसरी चूक उशिरा कळते. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी हेच ओरडणं पुन्हा सुरू होतं. उजवं अंडाशय जास्त खोल असतं, तिथे हे व्हायची शक्यता अधिक. तसं झालं तर ‘सवय असेल’ म्हणून सोडून न देता माजाच्या दिवसांतच दाखवायला न्या.

घरी आणल्यावर तिला जमिनीवर, अंधाऱ्या आणि शांत खोलीत ठेवा. पलंगावर किंवा खुर्चीवर नको, तोल जाऊन पडते. काही औषधांच्या भुलेत मांजराचे डोळे उघडेच राहतात आणि ते टक लावून बघतंय असं वाटतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अंग गार पडतं म्हणून खाली घडी घातलेली गोधडी आणि वर सुती पांघरूण पुरे. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका, गुंगीत तिला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. नीट चालू लागेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. संध्याकाळी नेहमीच्या पाव हिस्सा खाणं ठेवा. खाल्लं तर छान, नाही खाल्लं तरी रात्रभर चालेल. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत काहीच खाल्लं नाही तर फोन करा.

पुढचे दहा ते चौदा दिवस जखम चाटू न देणं हेच सगळ्यात मोठं काम आहे. मांजराची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. एका दुपारच्या चाटण्यात टाके उसवतात. गळ्यातला कोन (जखम चाटता येऊ नये म्हणून घालतात तो शंकू) नाकाच्या पुढे दोन बोटं यायला हवा. आखूड असेल तर ती बरोबर वाकून पोचते. काही मांजरं कोन घातल्यावर भिंतीला खेटून बसतात आणि खाणं सोडतात. त्यांना लहान बाळाचं झबलं, मागच्या पायांसाठी भोकं पाडून, शेपटीच्या बाजूनं गाठ मारून घालता येतं. घट्ट बसायला हवं पण पोटाखाली दोन बोटं सरकायला हवीत, आणि शी-शूची जागा मोकळी हवी. मातीच्या ट्रेमध्ये या दिवसांत वाळूऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे टाका, कण जखमेला चिकटत नाहीत. जखम रोज दोनदा उजेडात पाहा. पाचव्या-सातव्या दिवशी कातडीखाली वाटाण्याएवढी टणक गाठ लागली तर ती आतल्या विरघळणाऱ्या दोऱ्याची असते, आपोआप जाते. मऊ, गरम, वाढत जाणारी सूज, पिवळसर स्राव किंवा टाक्यांमधली फट मात्र त्याच दिवशी दाखवायची.

हळद लावू नका. घरच्या हळदीत धूळ असते, ती टाक्यांत बसते आणि पिवळ्या रंगामुळे खाली काय चाललंय ते दिसत नाही. डेटॉल तर मांजराच्या जवळही नेऊ नका. त्यातला घटक मांजराला विषारी आहे आणि ते चाटून पोटात जातं. आणि ‘दुखत असेल’ म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजरालाही मारायला पुरते, चिंगी तर लहान आहे. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वजनावर मोजलेलं असतं, तेच आणि तेवढेच दिवस.

काळ्याचं चिंगीच्याच दिवशी करून टाका. एक फेरी वाचते, शिवाय दोघांना दवाखान्याचा सारखाच वास येतो. एकच मांजर ऑपरेशन होऊन घरी आलं की दुसरं त्याला अनोळखी समजून फिसकारतं, कधी अंगावर जातं. बोक्याचं काम छोटं असतं : पोट उघडत नाहीत, बहुधा बाहेर टाकेही नसतात, आठवड्यात जखम मिटते. पण वृषणं काढल्यावरही नळ्यांत उरलेल्या बीजामुळे बोका काही आठवडे गाभ घालू शकतो. काही कारणानं चिंगीचं राहिलं आणि फक्त त्याचं झालं, तर दोघांना सहा आठवडे वेगळं ठेवावं लागेल. तिचंही झालं असेल तरी दहा दिवस वेगळंच ठेवा, खेळताखेळता टाके तुटतात. सात महिन्यांचा बोका लवकरच भिंतीवर, पडद्यावर उग्र वासाची धार मारू लागतो. सवय लागण्याआधी नसबंदी झाली तर बहुतेकांत ती लागतच नाही, लागल्यावर केली तर काहींमध्ये ती उरते.

राहिला बंड्या. त्याला थांबवा. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं वाढायची थांबण्यात नर-हार्मोनचा वाटा असतो. ते लवकर काढून घेतलं तर हाडांची टोकं उशिरा जुळतात, हाडं थोडी जास्त लांब होतात, आणि नितंबाच्या व गुडघ्याच्या सांध्यांवर ताण येतो. लॅब्रॅडॉर मुळातच सांध्यांच्या त्रासाला धार्जिणा. वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे साधारण बारा ते पंधरा महिन्यांत केलेलं बरं. दोन मांजरांसारखी इथे घाई करायला काही कारण नाही, फक्त त्याला मोकळा सोडू नका.

पाहुण्यांच्या पायाचं म्हणाल, तर या वयात ते बरंचसं उत्साहानं आणि खेळापोटी होतं. नसबंदीनं घर सोडून भटकणं पुष्कळ कमी होतं, पाय वर करून जागोजाग मुतणंही. पायाला मिठी कमी होते, पण सगळ्यांची जात नाही. पाहुणा येण्याआधी वीस मिनिटं चालवून आणा, आल्यावर साखळी लावून चटईवर बसवा, बसला की बिस्किटाचा तुकडा. हसून त्याला ढकललं तर त्याला तो खेळच वाटतो. तो घाबरून भुंकत किंवा अंगावर जात असेल तर मात्र नसबंदी हा त्यावरचा उपाय नाही, ते डॉक्टरांना वेगळं सांगा.

मांजरांना न्याल तेव्हा बंड्याची एक गोष्ट तपासून घ्या : दोन्ही वृषणं पिशवीत उतरली आहेत का. नऊ महिन्यांपर्यंत उतरलं नसेल तर ते उतरणार नाही. पोटात किंवा जांघेत अडकलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका जास्त असतो, आणि ते शोधून काढावंच लागतं. आणि ऑपरेशनच्या आठवड्यात त्याच्या अंगावर, विशेषतः कानात आणि बोटांच्या बेचक्यात, गोचीड आहेत का ते पाहा. गोचीडतापात प्लेटलेट घसरतात, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि टेबलावर रक्त थांबत नाही. महाराष्ट्रात कुत्र्याच्या कुठल्याही ऑपरेशनआधी प्लेटलेटचा आकडा न पाहणं हा निष्काळजीपणा आहे.

आता जाड होण्याबद्दल. खरं आहे, पण ऑपरेशन जाड करत नाही, भांडं करतं. नसबंदीनंतर मांजराची उष्मांकांची गरज साधारण पाव ते तृतीयांशानं कमी होते आणि भूक मात्र वाढते. टाके निघाले की दिवसभर भरलेलं भांडं ठेवणं बंद करा. कोरडं खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, आधीच्या तीन-चतुर्थांश, दोन-तीन वेळांत द्या. काळ्याला ओलं खाणं आणि दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा. जाड, कमी पाणी पिणाऱ्या बोक्याची लघवीची वाट बुजते. तो ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून कण्हत असेल आणि थेंबच पडत असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. दर रविवारी मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, आणि फरक लसींच्या वहीत मागच्या पानावर लिहा. दोघंही अजून वाढीच्या वयात आहेत, म्हणून वर्षाची होईपर्यंत आकडा चढणारच. त्यामुळे हातही लावून पाहा : बरगड्या दिसायला नकोत, पण बोटांना सहज लागायला हव्यात. लागेनाशा झाल्या की खाणं आणखी दहा टक्के कमी करा.